मदत हवी आहे: स्टुडिओत डग्गा गायब, गाडीत मात्र धाडधाड (अर्जंट)

खर्जातला_पम्या (मंगळवार, रात्री ११:४०)
नमस्कार मंडळी. डोकं बाद व्हायची वेळ आलीय म्हणून विचारतोय. घरातच छोटा स्टुडिओ केलाय, मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) घेऊन दोन महिने झाले. एका भजनी मंडळाचे पाच अभंग मिक्स करतोय, आषाढीच्या आत द्यायचेत आणि रविवारी सगळे ऐकायला येणारेत. प्रॉब्लेम असा की इथे बसून डग्गा आणि पखवाज नीट ऐकूच येत नाही, म्हणून वाढवतो, तरी येत नाही, अजून वाढवतो, आणि मग तेच गाडीत लावलं की दारं थरथरतात. काल मंडळातल्या एका काकांनी त्यांच्या गाडीत ऐकलं आणि म्हणाले, हे भजन आहे का विसर्जन मिरवणूक. जे आहे तेच अचूक ऐकू यावं यासाठी नक्की काय करायचं? "आधी नीट शिकून घ्या" वगैरे सांगू नका प्लीज, वेळ नाहीये.

चहाबाज_धायरी
खोली केवढी? मॉनिटर कुठले? भिंतीपासून किती लांब? तू बसतोस कुठे? यातलं काहीच लिहिलेलं नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" सांगतोस का?

खर्जातला_पम्या
बेडरूम आहे हो, नेहमीसारखी. मॉनिटर यामाहा एचएस५, इंटरफेस (कॉम्प्युटरमधला आवाज मॉनिटरला देणारा डबा) फोकसराइटचा. बाकी सगळं नॉर्मल आहे.

चहाबाज_धायरी
"नेहमीसारखी" हे माप नाही. टेप घे आणि मोज.

फोमभक्त
मित्रा काही मोजू नकोस, सरळ चारही भिंतींना फोम मार. मी ते पिरॅमिडवाले तुकडे लावले, एका दुपारचं काम, खोलीत टाळी वाजवली तरी घुमत नाही आता. व्हिडिओत पण मस्त दिसतं.

लोखंडी_कढई
झालं, आला फोम. अहो, त्यांचा प्रॉब्लेम डग्ग्याचा आहे, टाळीचा नाही. ६० हर्ट्झची, म्हणजे डग्ग्यासारख्या खोल सुराची लाट पावणेसहा मीटर लांब असते, ती एक इंची फोमला विचारतसुद्धा नाही. फोम फक्त वरचे सूर शोषतो, मग खोली वरून मेलेली आणि खालून तशीच घुमणारी. मी हा उद्योग करून पस्तावले आहे. शेवटी चार इंच जाड रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) आणलं, ४८ डेन्सिटीचं, सुताराकडून चौकटी करून घेतल्या, वर कापड ताणलं आणि कोपऱ्यांत उभं केलं. दोन दिवस हाताला खाज सुटली होती (हातमोजे घाला!) पण फरक पडला.

फोमभक्त
सगळ्यांकडे सुतार नसतो ताई.

सोसायटीग्रस्त
खिडकीला दोन काचा, मध्ये हवा. दाराच्या फटीला रबर. माझ्या शेजारच्या मंगल कार्यालयाचा आवाज निम्मा झाला. लग्नसराईत तर पर्याय नाही.

खर्जातला_पम्या
@सोसायटीग्रस्त बाहेरचा आवाज हा विषयच नाहीये हो.

सोसायटीग्रस्त
आज नाही. गणपतीत होईल.

खर्जातला_पम्या
मोजलं. १० बाय १०, उंची साडेनऊ. टेबल खिडकीच्या भिंतीला लावलंय, मॉनिटर टेबलावरच, भिंतीला जवळपास चिकटून. मी बसतो साधारण खोलीच्या मधोमध, कारण त्याच्या मागे बसलो तर बायकोला कपाट उघडता येत नाही.

लोखंडी_कढई
चौरस खोली आणि तुम्ही बरोब्बर मधोमध! अहो यापेक्षा वाईट जागा शोधून सापडली नसती. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला अंतराच्या दुपटीने भागलं की ५६ हर्ट्झ येतात. त्या सुराला भिंतीजवळ आवाज फुगतो आणि बरोबर मधे जवळपास काहीच उरत नाही. तुमची लांबी-रुंदी सारखीच, उंचीही जवळजवळ तेवढीच, म्हणजे तिन्ही दिशांनी मार तिथेच. एक साधं करून बघा, गाणं चालू ठेवून खुर्चीवरून उठा आणि भिंतीला पाठ लावून उभे राहा. डग्गा एकदम वाढला तर खोलीचाच गुन्हा.

निवांत_आजोबा
तुम्हा मंडळींचे हे हर्ट्झ वगैरे वाचून गंमत वाटते. प्रभात १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली तेव्हा कुठला आला होता कॉम्प्युटर? पण काय ध्वनिमुद्रण होई! ती जागा म्हणजे आजचं फिल्म इन्स्टिट्यूट. आमच्या लहानपणी तिथल्या भिंतीबाहेर उभं राहून आम्ही...

चहाबाज_धायरी
आजोबा, पूर्ण लिहा ना, पण वेगळ्या धाग्यात लिहा. खरंच वाचायला आवडेल.

कानात_बोळे
चौरस खोलीत मॉनिटर घालायचेच कशाला? सरळ ओपन बॅक (पाठ उघडी असलेले) हेडफोन घ्या, सेनहायझर एचडी ६०० किंवा त्या जातीचे. खोलीच संपली. मी तीन वर्षं सगळं हेडफोनवर करतो.

लोखंडी_कढई
आणि तुमच्या मिक्समध्ये रिव्हर्ब (घुमारा) कायम कमी-जास्त झालेला असतो, कारण हेडफोनमध्ये डावा आवाज उजव्या कानाला पोचतच नाही. तपासायला ठीक, पण त्याच्यावरच संसार नको.

कानात_बोळे
तुम्ही माझा एकही मिक्स न ऐकता?

खर्जातला_पम्या
भांडू नका ना. हेडफोन आहेत पण ते मुलीकडे, ऑनलाइन क्लास. आणि ते भिंतीचं करून बघितलं, थोडा वाढतो डग्गा, पण फार नाही. गंमत म्हणजे दाराशी एका कोपऱ्यात उभं राहिलो तर उलट चांगला ऐकू येतो.

चहाबाज_धायरी
थांबा. पम्या, गाणाऱ्याचा आवाज कुठून येतो? दोन मॉनिटरच्या बरोबर मधून येतो का?

खर्जातला_पम्या
नाही, तसं पहिल्यापासूनच मधून येत नाही. दोन्ही कानांच्या बाजूने येतो, डोकं हलवलं की सरकतो, थोडं डोक्यात दडे बसल्यासारखं होतं. मला वाटलं मॉनिटर असेच असतात, सवय होईल.

चहाबाज_धायरी
हे दोन दिवस सांगितलं नाहीस!

वायरमन_बुधवारपेठ
केबल कुठल्या आहेत?

खर्जातला_पम्या
साध्याच. तापकीर गल्लीतून पिना आणि वायर आणून मीच सोल्डर केल्यात. दोन्ही चालतात, आवाज येतोय ना.

वायरमन_बुधवारपेठ
आवाज येतो म्हणजे केबल बरोबर आहे असं नसतं. माझी पैज, एकीत मॉनिटरकडच्या टोकाला पिन २ आणि ३ च्या तारांची अदलाबदल झालीय. मग होतं काय, एक मॉनिटर पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधला आवाज मधे राहत नाही. बरं, फाइलमध्ये काहीच चूक नसते त्यामुळे गाडीत तो वाढवलेला डग्गा सगळाच्या सगळा बाहेर येतो. बघायचं कसं तर दोन्ही मॉनिटर अगदी शेजारी शेजारी ठेव, गाणं मोनो कर (दोन्हीकडे एकच आवाज) आणि लाव. एकच चालू असताना डग्गा आहे आणि दुसरा चालू केल्यावर कमी झाला तर नक्की. मग मल्टिमीटर. टीआरएसचं (इंटरफेसकडची पिन) टोक एक्सएलआरच्या (मॉनिटरकडची तीन पिनांची) पिन २ ला, रिंग पिन ३ ला, स्लीव्ह पिन १ ला. दोन्ही केबली उलट्या असत्या तर तुला आयुष्यात कळलं नसतं, एकच उलटी आहे म्हणून बोंब.

फोमभक्त
किंवा विंडोजमध्ये साउंड एन्हान्समेंट चालू असेल. माझ्या भाच्याचं तेच होतं.

खर्जातला_पम्या (गुरुवार, रात्री १२:१५)
वायरमन साहेब, पाय कुठे आहेत तुमचे. दोन्ही मॉनिटर गादीवर शेजारी शेजारी ठेवले, एक लावला, डग्गा आहे, दुसरा लावला आणि डग्गा गेला! दोन लावल्यावर कमी!! उजव्या केबलचं झाकण फिरवून काढलं तर लाल वायर ३ वर, पांढरी २ वर, आणि सोल्डरचा इतका मोठा गोळा की आकडे दिसतच नाहीत. आठवलं पण, डावी केबल संध्याकाळी केली होती आणि उजवी लाइट गेल्यावर, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून. आत्ताच नीट केली. आणि आता डग्गा असा काही येतोय की खालच्या मजल्यावरून फोन आला.

चहाबाज_धायरी
येणारच, तू किती वाढवून ठेवलायस?

खर्जातला_पम्या
९ डीबी.

चहाबाज_धायरी
पांडुरंगा!

कानात_बोळे
नम्रपणे नमूद करतो की हेडफोन असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

लोखंडी_कढई
हे मात्र मान्य. पण पम्या, खोली अजून चौरसच आहे बरं का. केबल सुधारली म्हणून ५६ हर्ट्झ कुठे जात नाहीत. खुर्ची पुढे घ्या, समोरच्या भिंतीपासून कान पावणेचार-चार फुटांवर येतील असं बघा, मॉनिटर आणि डोकं यांचा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण करा, ट्वीटर (मॉनिटरमधला वरचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. टेबलावर ठेवायचे असतील तर खाली काहीतरी घालून उचला. हा पावणेचारचा आकडा म्हणजे नुसती सुरुवात, तिथून वीतभर पुढे-मागे सरकत ऐका. पुढे कधी जमलं तर मोजायचा माइक आणा, रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कुठला सूर खोलीत गायब होतो ते खड्डे डोळ्याला दिसतात. आणि हो, खड्डा दिसला म्हणून ईक्यूने (तो सूर वाढवून) भरायला जाऊ नका, भरत नाही, नुसता मॉनिटरचा जीव जातो. आणि आवाज रोज एकाच पातळीवर ठेवा, नॉबवर मार्करने खूण करा, मोठ्याने ऐकलं की सगळंच छान वाटतं.

खर्जातला_पम्या
खुर्ची पुढे घेतली. कपाटाचं दार पूर्ण उघडायला लागलं, घरातून पहिल्यांदाच स्टुडिओबद्दल चांगले शब्द ऐकले.

सोसायटीग्रस्त
खालच्या मजल्यावरून फोन आला म्हणालात ना? दोन काचा.

खर्जातला_पम्या (रविवार, रात्री ९:०५)
अपडेट. मंडळ येऊन गेलं. सगळे अभंग परत मिक्स केले, डग्गा ९ वरून शून्यावर आणला, काकांनी खाली पार्किंगमध्ये गाडीत तीन वेळा ऐकलं. डग्गा पखवाज पास. बुवा तर म्हणाले माझी थाप पहिल्यांदाच माझ्यासारखी ऐकू आली. पण आता सगळ्यांचं एकच म्हणणं, टाळ फार टोचतात, कानात दाभण घातल्यासारखे. मला तर इथे छान गोड लागतायत. बुधवारपर्यंत द्यायचंय, काय करू?

चहाबाज_धायरी
एचएस५ च्या पाठीमागे रूम कंट्रोल (खालच्या सुरांसाठी) आणि हाय ट्रिम (वरच्या सुरांसाठी) असे दोन स्विच आहेत. ते कशावर आहेत?

खर्जातला_पम्या
कुठले स्विच?