अनुभव धागा: नोकरी बदलताना कामच बदलले, तेव्हा नवे क्षेत्र कसे ठरवले?

खाडीकाठ
गेल्या आठवड्यात ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला जाताना रबाळ्याच्या पुढे पाहिले, तर ज्या कारखान्यात मी उमेदवारी केली त्याच्या जागी काचेची इमारत उभी आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखाने बंद होऊ लागले, तेव्हा आमच्यासारख्या शिफ्ट केमिस्टपुढे दोन वाटा होत्या: तेच काम करण्यासाठी गुजरातेतील दहेज किंवा अंकलेश्वर गाठायचे, नाहीतर इथेच राहून काम बदलायचे. मुलगा दहावीत होता आणि पत्नीची नोकरी ठाण्यात होती, त्यामुळे पहिली वाट आपोआप मिटली.

मला काय आवडते, या प्रश्नातून काही हाती लागेना. मग पाळीवर असताना लोक कशासाठी माझ्याकडे येत, ते आठवून पाहिले. टाकी साफ करायला माणूस आत सोडण्याआधी वायुमापकाचा आकडा माझ्या सहीने परमिटवर चढत असे, प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली दिसला, की पर्यवेक्षकाने कितीही घाई केली तरी मी मॅनहोलवरून माणूस मागे घेत असे. हे काम मी फुकट करत होतो, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात त्यासाठी सुरक्षा अधिकारी हे वेगळे पदच होते. व्हीआरएसच्या (स्वेच्छानिवृत्तीच्या) पैशांवर घर चालवून औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची पदविका केली. नातेवाईक अजूनही विचारतात, "सेफ्टी म्हणजे वॉचमनचे काम का?"

आपण कसे ठरवले, ते सविस्तर लिहावे.

रोजनामा
ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करत होते. परदेशी ग्राहकांच्या तक्रारी ऐकून, त्यांच्या करारातील नेमके कलम शोधून उत्तर देणे हे माझे काम होते आणि ते मला जमत असे, म्हणून पदवीनंतरच्या ३ वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी दिली. वयाची अट नसल्यामुळे वर्गात माझ्यापेक्षा मोठी माणसेही होती. वकिलीची सनद मिळाली, बार परीक्षाही झाली. मात्र त्यानंतरच्या काळाविषयी कोणी स्पष्ट बोलत नाही. ज्युनिअर म्हणून सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, पाहायचा, साहेब दुसऱ्या कोर्टात असतील तर न्यायाधीशांना विनंती करून पुढची तारीख घ्यायची, नकलेसाठी अर्ज करायचा आणि संध्याकाळी हाती जे येईल त्यात रिक्षाचे भाडे सुटले तर समाधान मानायचे. कॉल सेंटरच्या पगाराशी बरोबरी व्हायला फार काळ लागला. ज्यांच्या घरी दुसरा पगार नाही, त्यांनी हा काळ आधी हिशेबात धरावा, एवढे आग्रहाने सांगते.

कळवा_पूल
रोजनामाताई, दुसरा पगार हाच या धाग्याचा खरा नायक दिसतो आहे.

डॉक_नाका
वागळे इस्टेटमधील छोट्या वर्कशॉपमध्ये मी नट-बोल्ट आणि मशीनचे सुटे भाग तपासत असे. काम कमी झाल्यावर न्हावा-शेवा बंदरातील माल कस्टममधून सोडवणाऱ्या क्लिअरिंगच्या कचेरीत लागलो, ते केवळ उलव्याला राहणाऱ्या मेहुण्याच्या ओळखीने. त्यात माझी निवड कमीच होती. परंतु तिथे गेल्यावर कळले, की माल कस्टमच्या दरसूचीतील कोणत्या शीर्षकाखाली दाखवायचा यावर शुल्क ठरते आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे कस्टमचे कागद, करणाऱ्या अनेकांनी तो माल कधी हातात धरलेला नसतो. स्क्रू मशीनसाठी आणला, म्हणून तो यंत्रांच्या ८४ व्या प्रकरणात जात नाही. लोखंडाचा साधा स्क्रू ७३१८ या शीर्षकातच जातो. हे नियमात लिहिलेले आहे, पण समोर नमुना ठेवला की हा साधा स्क्रू आहे की त्या मशीनचाच खास घडवलेला भाग, हे मला आट्यांवरून लगेच सांगता येते. म्हणून खाडीकाठ यांचे म्हणणे पटते, फक्त माझ्या बाबतीत ते आधी सुचले नाही, नंतर उमगले.

पोळीभाजी_केंद्र
मला हे सर्वस्वी मान्य नाही. मनुष्यबळ विभागातील नोकरी सोडून कोपरखैरण्यात पोळी-भाजीचे केंद्र काढले, तेव्हा जुन्या कामातील एकही गोष्ट मला नको होती, आणि त्यातच आनंद होता. अन्न नोंदणी, गाळ्याचे भाडे, पोळ्या लाटणाऱ्या दोन बायका हे सगळे जमले. गणपतीत आणि दिवाळीत त्या दोघी गावी गेल्या, की मीच पहाटेपासून कणीक तिंबत असे. गंमत एवढीच, की शेवटी केंद्र टिकले ते माणसे सांभाळण्याच्या सवयीवर, म्हणजे नकोशा वाटलेल्या त्याच कामावर. तरीही माझा आक्षेप मागे घेत नाही.

सानपाडा_लोकल
विषयाला धरूनच एक सूचना. मधल्या काळात पीएफ काढून खर्च करण्याचा मोह होतो. नव्या नोकरीत यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) तोच ठेवून खाते वर्ग करावे, कारण निवृत्तिवेतनासाठी १० वर्षांची सेवा धरली जाते आणि रक्कम काढून घेतली की ती साखळी तुटू शकते. ग्रॅच्युइटीला ५ वर्षे भरायला थोडेच महिने उरले असतील, तर राजीनाम्याची तारीख जरा पुढे ढकलावी.

कळवा_पूल
काका, हे माझ्या भावाला कालच सांगायला हवे होते. त्याने पाचव्या वर्षाच्या दारात राजीनामा दिला आहे.

सानपाडा_लोकल
नोटीस पिरिअड चालू असेल तर त्याला आजच एचआरकडे जाऊन शेवटचा दिवस पुढे नेण्याची लेखी विनंती करायला सांगा. सेवेचा शेवट राजीनाम्याच्या पत्रावरून नव्हे, तर कार्यमुक्तीच्या तारखेवरून मोजला जातो.