प्रतिसाद: स्टॉक वर्गातील सिलिंडर हेड

शर्यतीच्या गाडीसाठी जुने ओतीव लोखंडी हेड (इंजिनाच्या सिलिंडरांवर झाकणासारखा बसणारा भाग) मिळत नसल्यास बाजारातील अ‍ॅल्युमिनियमचे हेड चालेल का, या वरील प्रश्नाला थोडी जोड देतो. एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग रेसिंग (सरळ रेषेतल्या छोट्या अंतराच्या मोटार शर्यती) संस्थेच्या स्टॉक एलिमिनेटर वर्गात, म्हणजे जवळपास मूळ कारखानी स्वरूपातल्या गाड्यांच्या वर्गात, हेड त्या वर्षाच्या, त्या इंजिनाला मान्य असलेल्या कास्टिंग क्रमांकाचे (ओतताना धातूवरच उठवलेला क्रमांक) किंवा संस्थेने स्वीकारलेल्या पर्यायी यादीतलेच असावे लागते. १९६९ च्या शेव्हरोले कॅमारो झेड/२८ या गाडीच्या ३०२ घनइंची इंजिनासाठी ३९२७१८६ हा क्रमांक प्रसिद्धच आहे. मात्र क्रमांक जुळला म्हणजे काम झाले असे नव्हे, कारण पोर्टिंगला (हेडमधले वायू आत-बाहेर नेणारे मार्ग, म्हणजे पोर्ट, कोरून रुंद करण्याला) मनाई असून ज्वलनकक्षाचे आणि पोर्टचे घनफळ द्रव ओतून मोजता येते, त्यामुळे आम्लाने पोर्ट रुंदावण्याची जुनी (आणि माझ्या मते निव्वळ लबाडीची) युक्तीही तिथे उघडी पडू शकते.