थर्ड-पार्टी कँडिडेट म्हणजे ‘त्रयस्थ उमेदवार’?

पिंपळपान
मंडळी, एका शब्दावर अडलेय. आमच्या इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांवर लेख लिहितेय. मी ‘थर्ड-पार्टी कँडिडेट’ला, म्हणजे डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन पक्षांबाहेरच्या उमेदवाराला, ‘तिसऱ्या पक्षाचा उमेदवार’ लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे ‘त्रयस्थ उमेदवार’ करून परत पाठवलं. मला ते वाचवेना. त्रयस्थ म्हणजे ज्याला त्या भांडणाशी काही घेणंदेणं नाही असा माणूस ना? राल्फ नेडर २००० साली ग्रीन पार्टीकडून उभा होता, गावोगाव फिरून मतं मागत होता, तो त्रयस्थ कसा? संपादक म्हणतात गाडीच्या विम्यात थर्ड पार्टी असते ती त्रयस्थच. आणि ‘मेजर पार्टी’ला काय म्हणू, प्रमुख पक्ष की मोठा पक्ष?

खडूफळा
त्रयस्थ साफ चूक आहे. विम्यातली पार्टी म्हणजे पक्षकार, करार करणारे दोघं सोडून जो उरला तो. निवडणुकीतली पार्टी म्हणजे राजकीय पक्ष. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे म्हणून मराठीनं पण एकच वापरायचा हे कुठलं शास्त्र? ‘तिसऱ्या पक्षाचा’ हेच ठेवा, हटू नका.

बांधावरून
त्रयस्थावरून ‘तिऱ्हाईत’ आठवला. आमच्या आजोबांचा आणि चुलत आजोबांचा बांधावरच्या फणसावरून वाद होता, दरवर्षी व्हायचा. आजी म्हणायची घरातल्यांनी बोलू नका, कुणी तिऱ्हाईत बघा. मग शेजारच्या गावचे एक गुरवकाका यायचे, झाडाखाली घोंगडीवर बसून फणस मोजायचे, याचे इतके त्याचे इतके असे दोन ढीग लावायचे, आणि आजीनं कितीही आग्रह केला तरी स्वतः एक फणस न्यायचे नाहीत. माझ्या डोक्यात तिऱ्हाईत म्हणजे तो माणूस. ज्याला सगळं झाडच हवंय त्याला हा शब्द देऊ नका हो. (शब्दात ‘ति’ आहे तो तीनचाच असणार असं मला कायम वाटत आलंय.)

जर्सीकर
माझी २०२४ ची मतपत्रिका टपालानं घरी आली होती तेव्हा मी नीट बघितली होती. न्यू जर्सीत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन यांचे आपापले रकाने असतात आणि बाकी सगळे, म्हणजे ग्रीनच्या जिल स्टाइन काय नि लिबर्टेरियन चेस ऑलिव्हर काय, ‘अर्जाद्वारे नामनिर्देशन’ अशा मथळ्याखाली. मतदारांच्या सह्यांचा अर्ज भरून उभे राहिलेले म्हणून. म्हणजे मतपत्रिकेवर कुणी ‘तिसरा’ नसतोच, तो आपण बोलण्यात करतो.

पिंपळपान
हे फार कामाचं सांगितलंत. निवडणूक खर्चाच्या सरकारी निधीचा कायदा शोधला तर त्यातही ‘तिसरा’ नाही! मागच्या अध्यक्षीय निवडणुकीत २५ टक्के किंवा जास्त मतं मिळाली तर मेजर, ५ ते २५ च्या मधे मायनर, आणि बाकीचे नवे पक्ष. मग मेजरला ‘मोठा’ म्हटलं तर मायनरला ‘छोटा’ सरळ जमतं. ‘प्रमुख’ म्हटलं तर उरलेल्यांना काय म्हणायचं, गौण? ते मला आवडत नाही.

मिरजेचा
एवढं कशाला, आपल्याकडे गावात लहान पोर पण सांगेल, ‘मतं खाणारा’. २००० ला फ्लोरिडात रिपब्लिकन बुश ५३७ मतांनी पुढे, तिथे नेडरला ९७ हजारांवर मतं, डेमोक्रॅटिक गोर गेला आणि अध्यक्षपदही गेलं. तीन तिघाडा काम बिघाडा. हल्ली टीव्हीवर ‘वोटकटवा’ म्हणतात, तो हिंदीतून आलाय, आपला ‘मतं खाणारा’ जास्त चांगला.

पिंपळपान
माफ करा पण याच शब्दाला माझा सगळ्यात जास्त विरोध आहे. खाल्ली म्हणजे कुणाच्या तरी ताटातली खाल्ली, म्हणजे ती मतं आधीपासून गोरचीच होती असं धरून चालायचं. मत मतदाराचं असतं. उद्योजक रॉस पेरोला १९९२ ला जवळपास १९ टक्के मतं पडली, प्रतिनिधी मत (इलेक्टोरल व्होट, राज्याराज्यातून निवडलेल्या प्रतिनिधींचं, ज्यावर अध्यक्ष ठरतो ते) एकही नाही, आणि अजून लोक म्हणतात त्यानं थोरल्या बुशची मतं खाल्ली. पण मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारलं तर पेरोवाले क्लिंटन आणि बुश यांच्यात साधारण सारखेच वाटले गेले असते, आणि बरेच जण घरीच बसले असते. एक शब्द वापरला की निकालच देऊन टाकला जातो, म्हणून मला तो लेखात नको.

खडूफळा
पेरो १९९२ ला पक्षाकडून नव्हताच, अपक्ष होता, रिफॉर्म पार्टी १९९६ ला. त्याला ‘तिसऱ्या पक्षाचा’ कसं म्हणाल?

पिंपळपान
हो, तेच अडतंय :( इंग्रजीत त्यालाही सर्रास थर्ड-पार्टी म्हणतात.

मिरजेचा
मग ‘तिसरा उमेदवार’ म्हणा, पक्षच काढून टाका. लढत तिरंगी, उमेदवार तिसरा.

जर्सीकर
तिसरा कसा? १९१२ ला थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकनांतून फुटून प्रोग्रेसिव्ह पक्षाकडून उभे राहिले. विल्सन जिंकले, पण रूझवेल्टना ८८ प्रतिनिधी मतं आणि मोठ्या पक्षाच्या टाफ्टना फक्त ८. तिसऱ्या पक्षाचा माणूस दुसरा आला. आणि नुसतं तिसरा म्हटलं की लोकांना ‘दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ’ आठवणार, इथे लाभ तिसऱ्याला होतच नाही.

शुद्धमराठी
सगळे कँडिडेट, मेजर, मायनर लिहिताय, निदान ‘उमेदवार’ तरी आपला म्हणून नीट वापरा. आणि मूळ लेखात ‘राष्ट्राध्यक्ष’ लिहा, ‘राष्ट्रपती’ नको, राष्ट्रपती भारताचे.

खडूफळा
उमेदवार फारसी आहे, उमेद म्हणजे आशा. आपल्याकडे कधीच रुजलाय, त्यामुळे तक्रार नाही, पण मग मेजरनं काय घोडं मारलंय?

बांधावरून
उमेदवार म्हटलं की मला निवडणूक आठवतच नाही. माझ्या वडलांनी छापखान्यात दोन वर्षं उमेदवारी केली, बिनपगारी. खिळे जुळवायला शिकले. ‘उमेदवारीवर आहे’ असं आजी अभिमानानं सांगायची सगळ्यांना. हा अर्थ अजून कुणाच्या घरात आहे का?

मिरजेचा
आमच्याकडे आहे. काका सोनाराकडे उमेदवारीला होते, तीन वर्षं नुसता भाता ओढला.

शुद्धमराठी
वकिलांकडे पण उमेदवारीच म्हणायचे. आता इंटर्नशिप म्हणतात, वाईट वाटतं.

पिंपळपान
अंक शुक्रवारी छापायला जातोय, पेरोला काय लिहू ते कुणीतरी सांगा.

बांधावरून
सोनाराकडे तीन वर्षं? आमच्या बाबांच्या छापखान्यात दोन वर्षांनी पहिला पगार झाला होता. प्रत्येक धंद्याची मुदत ठरलेली असायची का?