गिझर, व्होल्टेज आणि २००० वॉटचा आकडा
व्होल्टेज १९० पर्यंत उतरले तरी गिझर २००० वॉटचाच राहतो आणि म्हणून तो अधिक विद्युतधारा ओढतो, असे एक मत मांडले जाते, ते मला पटत नाही. २३० व्होल्टला २००० वॉट म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर, आणि व्होल्टेजला धारेने भागल्यास रोध (धारेला होणारा अडथळा) साधारण २६.५ ओहम येतो. गिझरच्या कॉइलची तार अशा मिश्रधातूची असते की तापल्यावरही तिचा रोध फारसा बदलत नाही. त्यामुळे १९० व्होल्टला धारा वाढण्याऐवजी ७.२ अँपिअरपर्यंत घटते आणि शक्ती जेमतेम १३६५ वॉट उरते. व्होल्टेज सतरा टक्के कमी, तर शक्ती जवळजवळ बत्तीस टक्के कमी, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला एरवी अठरा मिनिटे लागत असतील, तर आता सत्तावीस लागतील.

धारा वाढण्याचे ते वर्णन संगणकाच्या पॉवर सप्लायला मात्र लागू पडते, कारण तो आपली शक्ती कायम राखतो. बहुधा गोंधळ तिथूनच झाला असावा.

बल्बच्या तारेचा रोध मात्र गिझरच्या तारेसारखा स्थिर नसतो, म्हणून मल्टिमीटरने (रोध, व्होल्टेज मोजण्याच्या उपकरणाने) बंद बल्बचा रोध मोजून शक्ती काढू नये, हेही जोडतो. १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध पेटलेला असताना ५२९ ओहम असतो, पण थंड असताना टंगस्टनची तीच तार पन्नास ओहमांच्याही खाली दाखवते.