सहा गोळ्यांचं पिस्तूल आणि सतरा मुडदे: मारधाडीच्या सिनेमाला खरेपणा लागतो का?

तिठ्यावरचा (कुडाळ)
दिवाळी झाली, खळं चोपून सारवून झालं, म्हणून गेल्या शनिवारी पडवीच्या खांबांना चादर बांधून आम्ही 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' लावला. पंधरा-वीस माणसं होती. मध्ये लाइट गेली, उरलेला सिनेमा इन्व्हर्टरच्या जिवावर. शेवटी कबरस्तानात तिघं एकमेकांसमोर उभे राहतात तो प्रसंग आला आणि सगळे गप्प झाले. मला मात्र हसू फुटलं. चांगली चार-पाच मिनिटं नुसते डोळे, बोटं, परत डोळे. खऱ्या आयुष्यात तिघांपैकी एकाने तरी पहिल्या दहा सेकंदांत बार काढून मोकळं व्हायला नको का?

चुलतभाऊ तेव्हापासून बोलत नाही, ते सोडा. मुद्दा असा की मला आता या खोट्या मारामारीचा कंटाळा आलाय. सहा गोळ्यांच्या पिस्तुलाने सतरा माणसं आडवी होतात. कुणाला धाप लागत नाही, कुणाच्या कानात दडे बसत नाहीत. याउलट त्याच सिनेमातल्या क्लिंट ईस्टवुडनेच 1992 साली काढलेला 'अनफरगिव्हन' बघा. एके काळचा खुनी आता डुकरं पाळतोय. त्याला घोड्यावर धड बसता येत नाही, पिस्तुलाने डबा उडवता येत नाही, शेवटी वैतागून तो घरातून दुनळी आणतो. बरोबरचा पोरगा आपण पाच माणसं मारली म्हणून फुशारक्या मारतो, आणि खरोखर एकाला संडासात बसलेला असताना मारल्यावर रडायला लागतो. गोळी लागली तर बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडला पाहिजे. खरेपणाशिवाय ते होत नाही, असं माझं मत. हाणा आता.

पायपेटी
अरे, सिनेमा बघूक गेलंस की पंचनामो करूक?

आता सरळ मराठीत. तुमच्या गावच्या जत्रेत दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, होतो ना? पहाटे दोन-अडीचला दोन राजे युद्धाला उभे राहतात. रंगभूमीवर एक बाकडं, दुसरं काही नाही. तलवारी लाकडाच्या. पखवाज आणि झांज चढत जाते, दोघं त्या बाकड्याभोवती गोल गोल फिरतात, तलवार तलवारीला लागते न लागते. मरणारा मरण्याआधी लांबलचक भाषण करतो. 'एवढं बोलायला दम कुठून आला' असं कुणी विचारलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. माझी आजी, जिने आयुष्यभर खऱ्या भांडणात कुणाला भीक घातली नाही, ती तिथे पदर डोळ्याला लावायची.

तुमच्या सिनेमाचा दिग्दर्शक सर्जिओ लिओने, त्याचं कबरस्तान म्हणजे दशावतारातलं युद्धच. गोल रिंगण, पात्रं गोल फिरणार, आणि पखवाजाच्या जागी एन्निओ मॉरिकोनेचं संगीत. 1968 च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ला तर संगीत आधी तयार होतं आणि चित्रीकरणात ते वाजवून नट त्यावर चालले. आपल्याकडे पखवाजवाला पात्राला नाचवतो, तिथे मॉरिकोनेने नाचवलं. त्यात दहा सेकंदांत बार काढणारा माणूस म्हणजे दशावतारात सुरुवातीलाच 'चला, उजाडलं' म्हणून पडदा गुंडाळणारा.

आणि मुळात तो प्रसंग तुम्ही नीट बघितलाच नाही. टुकोच्या, म्हणजे त्या 'अग्ली'च्या, पिस्तुलातल्या गोळ्या ब्लाँडीने, म्हणजे 'गुड' ईस्टवुडने, आदल्या रात्रीच काढलेल्या असतात. म्हणजे तिघांपैकी एकालाच ठाऊक आहे की खरा मुकाबला दोघांचाच आहे. तो शांत का उभा राहतो, कळलं?

केपाची बंदूक (देवगड)
दशावताराबद्दल आदर आहे, पण बंदुकीबद्दल थोडं मी सांगतो. आमच्या घरात आजोबांपासून शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची आहे. नळीत दारू ओता, काथ्याचा बोळा गजाने ठासा, छरे टाका, परत बोळा, मग केप, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, बसवा. सराव असला तरी एका बारामागे मिनिटभर जातं. बार काढला की समोर पांढरा धूर. डुक्कर होतं तिथे आहे की गेलं, हे धूर विरल्यावर कळतं. कानात बराच वेळ शीळ वाजत राहते.

वेस्टर्नमधला, म्हणजे या अमेरिकी काउबॉय सिनेमांतला, काळ बहुतेक याच काळ्या दारूचा. बिनधुराची दारू 1880 च्या दशकात फ्रान्समध्ये निघाली, ती सगळीकडे पोचायला आणखी वेळ लागला. म्हणजे बंद दारूगुत्त्यात चार माणसांनी तीन-तीन बार काढले तर पुढचा नेम धरायला माणूस दिसायलाच नको. पडद्यावर मात्र हवा आषाढातल्या उघडिपीसारखी स्वच्छ. शिवाय 1873 चं ते प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल सहा घरांचं असलं, तरी शहाणी माणसं त्यात पाचच गोळ्या भरायची आणि पिस्तुलाच्या घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची. धक्का लागून स्वतःच्याच मांडीत जायला नको.

खरी मारामारी कशी असते तेही ऐका. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावातली ओके कोरालची चकमक, 26 ऑक्टोबर 1881. नाव कोरालचं, म्हणजे जनावरांच्या कोंडवाड्याचं, असलं तरी झाली ती शेजारच्या एका फोटोवाल्याच्या घराला लागून असलेल्या मोकळ्या जागेत. दहा फुटांच्या आतून सुरुवात, सुमारे तीस सेकंद, सुमारे तीस गोळ्या, तीन मेले. ज्याच्या बडबडीने पेटलं तो आइक क्लँटन पळून गेला. आणि भांडण कशावरून? गावात शिरताना हत्यारं जमा करायची असा तिथला नियम होता, तो मोडला म्हणून. सिनेमात प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल लटकतं, पण अशा गावांत ते उघड मिरवायला बंदी असायची. आमच्याकडे निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचं फर्मान निघतं, तेव्हा मला टूमस्टोन फार जवळचं वाटतं.

तिठ्यावरचा
@पायपेटी, टुकोच्या रिकाम्या पिस्तुलाचा मुद्दा मान्य, ते माझ्या डोक्यातून गेलंच होतं. लाइट त्याच सुमाराला गेलेली, हे कारण चालत असेल तर घ्या. @केपाची बंदूक, तुमचा धूर मला हवाच होता. तीस सेकंदांची चकमक जशीच्या तशी कुणी दाखवली तर मी तिकिटाचे दुप्पट पैसे देईन.

पायपेटी
तीस सेकंदांच्या सिनेमाला दुप्पट पैसे. कोकणी माणूस हिशेबात कधी असा फसला नव्हता.

मधली सुट्टी (चिपळूण)
मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला दोन्ही बाजूंचा त्रास होतो.

गोळी लागल्यावर माणूस मागे उडतो, हे खोटं. न्यूटनचा तिसरा नियम आठवीतल्या मुलाला विचारा. गोळी समोरच्याला दहा फूट फेकत असेल तर झाडणाराही तेवढाच मागे जायला हवा. केपाची बंदूक यांचा खांदा दुखत असेल, पण ते अजून देवगडातच आहेत.

आता गंमत ऐका. 1953 च्या 'शेन'मध्ये एका साध्या शेतकऱ्याला भाडोत्री मारेकरी चिखलात गोळी घालतो, आणि तो माणूस जोरात मागे फेकला जातो. त्यासाठी नटाला तारा बांधून मागे ओढलं होतं. शुद्ध फसवणूक. पण हे करणारा दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या चित्रीकरण तुकडीचा प्रमुख होता. नाझींची दाखाउची छळछावणी मुक्त झाली तेव्हाचं चित्रीकरण त्याच्या तुकडीने केलं. परत आला तो गोळीने नेमकं काय होतं हे बघून. त्याआधीच्या सिनेमांत माणसं छातीवर हात ठेवून हळूच बसायची, जशी काही चक्कर आली. स्टीव्हन्सला ते बघवलं नसणार. म्हणून ज्याने खरं मरण सगळ्यात जास्त पाहिलं होतं, त्यानेच तार लावली. माझा नियम पडद्यावर मोडला गेला आणि बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडला. आता धागाकर्त्यांनी सांगावं, हे खरं की खोटं?

केपाची बंदूक
मॅडम, उदाहरण तुमचंच धरतो. स्टीव्हन्सची तार एकदाच होती आणि ती जड होती. पुढे प्रत्येकाने तीच तार उचलली. आता हिरोने नुसती कोपरखळी मारली तरी गुंड तीन भिंती फोडून जातो आणि उठून पँट झटकतो. खोट्याची सवय लागली की तीच तार मरणाला हलकं करते. 1969 च्या 'द वाइल्ड बंच'मध्ये दिग्दर्शक पेकिनपाने संथ गतीत रक्त दाखवलं तेव्हा लोक हादरले होते. आज साबणाच्या जाहिरातीतही पाणी त्याच गतीने उडतं.

दर्यात जाणारा
मला बंदुकीतलं कळत नाही. पण सिनेमात होडीवर उभा राहून दुसऱ्या होडीतल्या माणसाला एका गोळीत टिपतात ना, त्यांनी एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात यावं. नेम राहू दे, पोटातला भात सांभाळून दाखवा. इंजिनाच्या आवाजात दोन हातांवरच्या खलाशाला हाक ऐकू येत नाही, आणि हे पन्नास फुटांवरून संवाद म्हणतात.

आवाठातली
हेच बघा. बंदूकवाल्याला बंदूक खटकते, मॅडमना न्यूटन, दर्यावाल्याला होडी. प्रत्येकाला आपल्या धंद्यातलं खोटं तेवढं दिसतं. मला काय खटकतं सांगू? रात्री गुत्त्यात आठ मुडदे पडतात आणि सकाळी तीच जमीन लख्ख. ती पुसली कुणी? त्या बाईचा एकही सिनेमा नाही.

पण खरेपणा म्हणाल तर माझ्या मते सगळ्यात खरा वेस्टर्न 1952 चा 'हाय नून'. त्यात गोळीबार फार थोडा आहे, शेवटी शेवटी. खरी आहे ती चर्चमधली बैठक. दुपारच्या गाडीने गुंड येणार, मार्शल, म्हणजे गावचा पोलीस अधिकारी, माणसं मागायला चर्चमध्ये जातो. एक म्हणतो हे आपलं काम नव्हे, दुसरा म्हणतो पगार घेतात ते बघतील, तिसरा उभा राहून मार्शलची एवढी स्तुती करतो की वाटतं हा तरी येणार, आणि शेवटी सांगतो, गावाच्या भल्यासाठी तूच निघून जा. मी पाणंदीच्या हद्दीवरून झालेली आमच्या वाडीची बैठक ऐकली आहे. शब्द मालवणी होते, बाकी तेच. 'आम्ही तुझ्या पाठीशी आसंव' म्हणणारे दुसऱ्या दिवशी मोजणीला कुणी आले नाहीत. बंदुकीतून धूर किती आला, हे मला त्यानंतर कुणी विचारू नये.

आणि शेवटी त्याच्या मदतीला कोण येतं? हिंसा मानत नाही म्हणणारी त्याची नवी नवरी. ती खिडकीतून एकाला पाठीत गोळी घालते. समोरासमोर, रुबाबात नाही, पाठीत.

पायपेटी
'हाय नून'चा दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला राग होता बरं का, सिनेमा दुसऱ्याचा असला तरी. कामात मुरलेला माणूस अशी दारोदार मदत मागत फिरणार नाही, असं त्याचं म्हणणं. मग त्याने 1959 साली 'रिओ ब्राव्हो' काढला, त्यातला शेरीफ आलेली मदतसुद्धा नाकारतो. म्हणजे आपला हा वाद हॉलिवूडने 1950 च्या दशकातच सिनेमे काढून घातलाय. आपण निदान फुकटात घालतोय.

तिठ्यावरचा
@आवाठातली, बैठकीचं वाचून गप्प बसलो. आमच्याही वाडीत तोच तिसरा माणूस आहे, फार छान बोलतो.

'शोले'चं कुणी नाव कसं काढलं नाही? 1975 चा. त्यातली गाडीवरची मारामारी पनवेलजवळच्या रुळांवर चित्रित झालीय, म्हणजे कोकणाच्या दारातच. एक इंजिन, एवढे डाकू, गोळ्यांचा हिशेब नाही, आणि मी लहानपणी ती श्वास रोखून बघितली. पण भीती वाटली ती गब्बर गोळ्या मोजतो तिथे. सहातल्या तीन हवेत उडवतो, चक्र फिरवतो आणि तिघांवर एकेकदा चाप ओढतो. तिन्ही वेळा रिकामं घर. सगळे सुटल्यासारखे हसतात, आणि मग तो मारतो. सबंध सिनेमात गोळी मोजली गेली ती तिथेच. मी खरेपणा म्हणतो तो बहुधा हा. सतरा मुडदे पडू देत, पण एक तरी गोळी मोजा.

पायपेटी
मग ब्लाँडीनेही टुकोच्या गोळ्या मोजूनच काढल्या होत्या की!

तिठ्यावरचा
पकडलंत. पण ती चार मिनिटं मला अजून लांब वाटतात. दोन केली असती तर?

पायपेटी
तुमच्या जत्रेत दशावतार मंडळाला सांगून बघा, युद्ध अर्ध्यात आटपा म्हणून. मानकरीच बाकडं घेऊन मागे लागतील.

मधली सुट्टी
येत्या शनिवारी काय लावताय? 'शेन' लावलात तर चिपळूणहून येते. तार दिसते का ते मोठ्या चादरीवर बघायचंय.

तिठ्यावरचा
'शेन' ठरला. चुलतभाऊ प्रोजेक्टर द्यायला तयार आहे, निरोप काकीकडून आला. इन्व्हर्टरची बॅटरी कुणाकडे जादा असेल तर आणा.

केपाची बंदूक
मी येतोय, बॅटरी आणतो. निवडणूक लागलीय, त्यामुळे बंदूक ठाण्यात आहे. 'शेन'मध्ये धूर कमी पडला तर तोंडानेच सांगेन.