रोजच्या फोडणीतले मसाले: आहार किती आणि औषध किती?

प्रश्न: कृष्णाकाठ, सांगली

आमच्या घरी सासऱ्यांना हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू आहे आणि सासूबाईंना मधुमेह व रक्तदाब असे दोन्ही आहे. नात्यातल्या मंडळींनी अलीकडे त्यांना सकाळी दालचिनीचा काढा, उपाशीपोटी लसणीची कच्ची पाकळी, रात्री भिजवलेले मेथीदाणे आणि या सर्वांच्या जोडीला हळदीच्या कॅप्सूल असा एक कार्यक्रमच आखून दिला आहे. हरकत घेतली की, सगळे स्वयंपाकघरातलेच आहे, मग अपाय कसा होईल, असे ऐकून घ्यावे लागते. माझे विचारणे असे की, आमटी, कालवण, झुणका या सगळ्यांत हळद, लसूण, जिरे, मोहरी आणि कांदा-लसूण मसाला रोज पडत असताना तेवढ्याने शरीराला काही लाभ होतो का, की फोडणीच्या उष्णतेत सगळे गुण जळून जातात? आणि काढे व कॅप्सूल यांना स्वयंपाकाचाच भाग मानावे का? वर्षाचा मसाला करण्याचे दिवस जवळ आले आहेत, तेव्हा त्यात काही बदल करावा का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १: पथ्यपाणी, मिरज (आहारतज्ज्ञ)

ताई, आधी मापाचा हिशेब मांडू, कारण या विषयातला बराचसा गोंधळ मापाचाच आहे. चार माणसांच्या भाजीत चहाचा अर्धा चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम हळद पडते. हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन, म्हणजे हळदीचा गुण ज्याच्यामुळे मानतात तो तिचा पिवळा घटक, ढोबळमानाने ३ टक्के धरले, तर अख्ख्या पातेल्यात ४५ मिलिग्रॅम आणि एकेकाच्या वाट्याला जेमतेम ११ मिलिग्रॅम येते. सांधेदुखीसारख्या तक्रारींवर कुर्क्युमिनच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांत सामान्यतः दिवसाला ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा दिलेली असते. त्यामुळे अशा चाचणीचा निष्कर्ष उचलून तो वरणातल्या हळदीला लावणे योग्य नाही, आणि वरणातली हळद पिढ्यान्‌पिढ्या सोसली म्हणून कॅप्सूलही सोसेल असे म्हणणे तर त्याहून धोक्याचे आहे.

कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि आतड्यातून रक्तात फार थोडे उतरते. तेलातल्या फोडणीने त्याला थोडी मदत होते, मिऱ्याने अधिक होते. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २ ग्रॅम कुर्क्युमिनबरोबर मिऱ्यातील पिपेरिन २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा रक्तातील कुर्क्युमिनचे प्रमाण सुमारे वीसपट वाढल्याचे आढळले. हा आकडा कॅप्सूलच्या जाहिरातींत हमखास असतो. मात्र पिपेरिन हे काम साधते ते यकृत आणि आतड्यातील पदार्थ निकाली काढण्याची यंत्रणा मंदावून, आणि त्याच यंत्रणेतून आपल्या गोळ्याही बाहेर पडत असतात. आमटीतल्या दोन मिऱ्यांनी काही बिघडत नाही, परंतु पिपेरिन मिसळलेली कॅप्सूल रोज घेणाऱ्याने ते आपल्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

मग स्वयंपाकातील मसाल्यांचा लाभ कोणता? माझ्या मते सर्वांत मोठा लाभ मिठाचा आहे, आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षाही कमी मीठ खावे. आपल्याकडे भाकरीबरोबरचा खर्डा, लोणचे आणि पापड यांतच त्याचा मोठा हिस्सा संपतो. जिरे, धने, लसूण, कढीपत्ता, आमसूल, लिंबू यांनी पदार्थाला चव आणली की मीठ उतरवता येते, आणि सासूबाईंच्या रक्तदाबासाठी त्याचे मोल हळदीच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक आहे. कांदा-लसूण मसाल्यात मात्र कुटतानाच मीठ घातलेले असते. ते हिशेबात न धरता वरून नेहमीएवढे मीठ घातले, तर मसाल्याने मीठ वाचण्याऐवजी वाढते.

उत्तर २: माहुलीकाठ, सातारा

मी गृहिणी आहे, त्यामुळे उष्णतेच्या प्रश्नाबद्दल चुलीपाशी जे कळते ते लिहिते. सगळे मसाले उष्णतेला सारखे वागत नाहीत, म्हणून फोडणीत गुण जळतात की नाही, याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. जिरे-मोहरीला तापलेले तेल लागते, तडतडल्याशिवाय त्यांचा स्वाद सुटत नाही. हळद मात्र तेल धुरावल्यावर टाकली की क्षणात काळवंडते आणि कडू होते. म्हणून मी आच मंद करून ती शेवटी घालते आणि लगेच भाजी परतते.

लसणीचे निराळेच आहे. तिचा उग्र वास आणि गुण ज्या ॲलिसिन नावाच्या घटकामुळे मानतात, तो अखंड पाकळीत नसतो. पाकळी ठेचली की तिच्यातले एक विकर (एन्झाइम) कामाला लागते आणि मग ॲलिसिन तयार होते. ठेचल्याबरोबर गरम तेलात टाकली तर उष्णतेने ते विकर निकामी होते. ठेचून दहा मिनिटे पाट्यावर तशीच राहू दिली तर तोवर बरेचसे काम झालेले असते आणि नंतरच्या शिजवण्यात त्यातले काही टिकते. म्हणून मी लसूण सर्वांत आधी ठेचून ठेवते आणि मग कांदा चिरायला घेते. वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आमच्या भागातल्या जेवणाबद्दल मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे एक काम मला फार मोलाचे वाटते. धान्ये आणि डाळी यांच्याबरोबर कांदा किंवा लसूण मिसळल्यास त्यांतील लोह व जस्त अधिक प्रमाणात शोषणयोग्य होते, असे तेथील संशोधकांना प्रयोगशाळेतील चाचण्यांत आढळले. प्रयोगशाळेतले सगळेच पोटात तसेच घडते असे नाही, हे मान्य. तरीही ज्वारीची भाकरी, झुणका आणि बुक्कीने फोडलेला कांदा या जेवणाकडे त्या दृष्टीने पाहायला हरकत नाही. बायकांमध्ये पंडुरोग एवढा असताना या साध्या जोडीची चर्चा कॅप्सूलपेक्षा जास्त व्हायला हवी होती. वरून लिंबू पिळले तर त्यातील क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते, हे तर पक्के ठाऊक असलेले आहे.

सातारी आल्याविषयी थोडेसे: मळमळीवर आले उपयोगी पडते याला बऱ्यापैकी आधार आहे. सुंठ करताना आल्यातला तिखटपणाचा घटक बदलून अधिक तीव्र होतो, म्हणून आल्याच्या मापाने सुंठ घालू नये.

उत्तर ३: डिग्रजचा शेतकरी, ता. मिरज

वरच्या दोन्ही उत्तरांत हळद शुद्धच आहे असे गृहीत धरले आहे. आम्ही हळद पिकवणारे असल्याने मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेतातून काढलेली हळद पूर्वी काहिलीत उकडत असत, आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरमध्ये शिजवतात. मग ती उन्हात चांगली खडखडीत वाळवून पिंपात फिरवली जाते आणि घासून तिची वरची साल निघते. त्यालाच पॉलिश म्हणतात. हलका माल उठावदार दिसावा म्हणून कोणी भेसळखोर रंग चढवतो तो या टप्प्यावर, आणि त्या रंगांतला सर्वांत घातक म्हणजे शिशाचा क्रोमेट, हा शिसे असलेला भडक पिवळा रंग. बांगलादेशात गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे का वाढले याचा शोध घेता घेता संशोधक २०१९ मध्ये हळदीपर्यंत पोहोचले. तेथील सरकारने धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सावध केले आणि बाजारातील शिसेयुक्त नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले. ज्या मसाल्याचा गुण यावा म्हणून आपण लहान मुलांना हळदीचे दूध पाजतो, त्यातच मुलांच्या मेंदूला अपाय करणारे शिसे असावे, यापेक्षा मोठी विटंबना नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, तयार पूड घेण्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा विश्वासाच्या दुकानातून हळकुंडे घ्यावीत. हळकुंड मोडून पाहावे. चांगले वाळलेले हळकुंड खट्‌कन मोडते आणि आतला भाग गर्द केशरी-पिवळा दिसतो, तर साल त्यामानाने फिकी आणि मळकट असते. साल आतल्या गरापेक्षा भडक पिवळी असेल आणि बोटांना रंग लागत असेल, तर तो माल तेथेच ठेवावा. पाण्याच्या पेल्यात पूड टाकून पाहण्याची युक्ती शिशाच्या बाबतीत पुरेशी नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. जाता जाता, हरिपूरच्या जमिनीत खणलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळ पेवे निकामी केली. साठवणुकीचे महत्त्व आपल्या भागाला कोणी शिकवायला नको, तरी घरात मात्र आपण हळदीची पारदर्शक बरणी उन्हात ठेवतो आणि उजेडाने कुर्क्युमिन उडून जाते!

उत्तर ४: औषधविक्रेता, विटा

मूळ प्रश्नातील दोन रुग्णांबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. वॉरफेरिन घेणाऱ्या माणसाला हळदीची किंवा लसणीची कॅप्सूल स्वतःच्या मनाने देऊ नये. रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. त्यांच्या जेवणातली हळद आणि लसूण बंद करण्याचे कारण नाही. कोथिंबीर आणि पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असते आणि ते या गोळीच्या उलट दिशेने काम करते, त्यामुळे एखाद्या आठवड्यात जुडीच्या जुडी आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असे न करता प्रमाण सारखे ठेवावे. सुरू केलेल्या कॅप्सूल आधी थांबवाव्यात आणि रक्ताच्या पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना त्यांबद्दल सांगावे. हळदीच्या तीव्र मात्रेच्या गोळ्यांमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणे इटलीसह काही देशांत नोंदली गेली आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

दालचिनीच्या काढ्याबाबत: आपल्या बाजारात मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅशिया जातीची असते आणि तिच्यात कूमारिन हा जास्त झाल्यास यकृताला अपाय करू शकणारा घटक पुष्कळ असतो. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅशियाच्या एका ग्रॅममध्ये सरासरी ३ मिलिग्रॅम कूमारिन धरले, तर दोन ग्रॅम पुडीत ही मर्यादा गाठली जाते. मसालेभातातला तुकडा कधीतरीच पोटात जातो, काढा मात्र रोज जातो. सिलोनची पातळ, कागदासारखे पापुद्रे असलेली दालचिनी या बाबतीत बरीच सुरक्षित आहे, पण साखर खात्रीने उतरवण्याचे औषध म्हणून तिच्याकडेही पाहू नये.

मेथीची बाजू या सर्वांत जरा भक्कम आहे. तिच्यातल्या चिकट, विद्राव्य तंतूंमुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. सासूबाईंची गोळी साखर फार खाली नेणारी असेल तर मेथी सुरू करताना साखर तपासत राहावी, आणि मेथीदाणे व इतर गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत.

प्रश्नकर्ती: कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कॅप्सूल आजच बाजूला ठेवल्या असून सासऱ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. एकच शंका उरते: कांदा-लसूण मसाल्यातले मीठ अजिबात वगळले तर तो पावसाळ्यात टिकेल का?

उत्तर: माहुलीकाठ, सातारा

नेहमीच्या पद्धतीने वर्षाचा भरलात तर टिकण्याची खात्री देता येणार नाही, कारण कांदा आणि लसूण यांचा ओलावा मीठच आवरून धरते. त्याऐवजी मिरची, धने, तीळ, खोबरे, दगडफूल आणि गरम मसाला एवढाच कोरडा भाग डंकावरून मिठाशिवाय कुटून आणावा. मिरची हातात चुरडली की कुरकुरत तुटेल इतकी वाळलेली असावी. ओलसर मिरचीवर बुरशी आली तर तिचे विष शिजवूनही जात नाही. कांदा उभा चिरून, वाळवून, कुरकुरीत तळून घ्यावा आणि लसणीबरोबर महिन्याला लागेल तेवढ्याच कोरड्या मसाल्यात वाटून तो डबा फ्रिजमध्ये ठेवावा. ब्याडगी थोडी जास्त घेतली तर रंगही राहतो आणि तिखटपणा सासूबाईंना सोसेल इतपतच होतो.