मदत हवी आहे: घरी तेलुगू बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांसाठी बोलती चित्रकार्डं

पूर्वभागातली_बाई

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत मी पहिलीला शिकवते. वर्गात ३१ मुलं, त्यातल्या २२ जणांच्या घरी तेलुगू. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. गल्लीत, दुकानात मराठी कानावर पडते, पण भूक लागली, पोट दुखलं, आजीनं गोष्ट सांगितली की ते सगळं तेलुगूत.

जुलैमध्ये प आणि ल शिकवून झाल्यावर फळ्यावर 'पाल' लिहिलं आणि विचारलं, पाल कुठं दिसते? भिंतीवर, दिव्याजवळ, अशी उत्तरं आली. पुढच्या ओळीतली एक मुलगी एरवी तोंडच उघडत नाही, ती म्हणाली, "गिन्नेत." तिच्या शेजारच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या, म्हणून मी थांबले. शाळा सुटताना तिच्या आईला विचारलं. तेलुगूत पालु म्हणजे दूध आणि गिन्ने म्हणजे वाडगं. पोरगी पहिल्यांदा स्वतःहून बोलली आणि तिच्या परीनं अगदी बरोबर बोलली. मी मात्र "चूक" म्हणायच्या बेतात होते.

तेव्हापासून असे शब्द टिपून ठेवतेय. 'पिल्लू' म्हटलं की यांच्या डोळ्यांसमोर मांजर, कारण पिल्लि म्हणजे मांजर. 'कोडं घालू का' म्हटलं की कोंबडी, कारण कोडि म्हणजे कोंबडी. वहीत १७ शब्द झालेत.

यावरून पॉवरपॉइंटमध्ये बोलती कार्डं करायला घेतली. एका स्लाइडवर एक चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात मराठी शब्द. चित्रावर क्लिक केलं की आधी एका आईच्या आवाजात तेलुगू शब्द, क्षणभर शांतता, मग माझ्या आवाजात मराठी शब्द दोनदा. चित्रं मुलांनीच काढलेली, मी फोनवर फोटो घेते. आतापर्यंत ४८ कार्डं झाली. घरामागंच माग असल्यामुळं रेकॉर्डिंगमध्ये खटखट यायची. त्यावर उपाय सापडला तो सांगते, कुणाला उपयोग होईल: जाड सोलापुरी चादर डोक्यावरून घ्यायची, फोन विमान मोडवर टाकून आत धरायचा, तोंडापासून वीतभर लांब. खटखट जवळजवळ जाते, आवाजही घुमत नाही. एका दमात सहा-सात शब्दच होतात, मग बाहेर येऊन श्वास घ्यावा लागतो.

आता अडचणी.

पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे अक्षरं. माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट दिसतं. तीच फाइल शाळेच्या कॉम्प्युटरवरून टीव्हीवर लावली की ल आणि श बदलतात. पाकळीच्या ल च्या जागी दांडीचा ल, देठाच्या श च्या जागी गाठीचा श. मोठ्या माणसाच्या लक्षातही येणार नाही. पण ज्या पोरानं पाटीवर महिनाभर पाकळीचा ल गिरवलाय, ते पडद्यावरचं अक्षर बघून "बाई, हे शिकवलं नाही" म्हणतं. 'लसूण'च्या कार्डावर सहा मुलं अडली. चित्र ओळखलं, आवाजाबरोबर शब्द म्हटला, आणि अक्षरावर बोट ठेवून गप्प.

दुसरी, घरी पाठवणं. फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर रात्री नऊला घरी येतो. सगळ्या कार्डांचा एकच व्हिडिओ केला तर जड होतो, कुणी उतरवून घेत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं क्यूआर कोडचं काम डोळ्यांसमोर होतं, म्हणून वहीत क्यूआर चिकटवून पाहिले. निम्म्या घरी नेट संपलेलं, आणि उरलेल्यांत काहींना उघडायला परवानगी मागत होतं.

तिसरी गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर मी चार कार्डं दाखवली, तर सगळ्यांनी पूर्ण संच मागितला. द्यायला मला आनंदच आहे. पण ज्या आईचा आवाज आहे ती म्हणाली, "माझा आवाज कुठं कुठं जाणार, बाई?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही अशा वेळी काय करता?

अक्षरजुळणी

ताई, तुमची फाइल बिघडलेली नाही. पॉवरपॉइंटच्या फाइलीत साधारणपणे फक्त फॉन्टचं नाव जातं, फॉन्ट जात नाही. समोरच्या मशिनवर तो फॉन्ट नसला की ते मशिन आपल्याकडचा दुसरा देवनागरी फॉन्ट लावतं, आणि त्यातले बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत; तिच्या दृष्टीनं दोन्ही ल एकच अक्षर आहे, एकच क्रमांक. वळण कुठलं दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो, म्हणून टाइप करताना कितीही काळजी घेतली तरी पुढं जाऊन ते बदलू शकतं.

विंडोजवर काम करत असाल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथं जाऊन फॉन्ट फाइलीतच एम्बेड करायची, म्हणजे फाइलीसोबत पाठवायची, खूण करा. त्यानं बहुतेक कॉम्प्युटरवर काम होईल, फोनवर होईलच असं नाही. त्यामुळं माझा सल्ला असा की शब्दाचा चौकोन कट करा आणि पेस्ट करताना 'पिक्चर' निवडा. अक्षर एकदा चित्र झालं की कुठल्याही मशिनला ते बदलता येत नाही. मूळ टाइप केलेली प्रत वेगळी जपून ठेवा, नाहीतर पुढं शुद्धलेखन सुधारता येणार नाही.

फॉन्ट हवा असेल तर राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा मोफत आहे. आणि तुमचा आग्रह योग्य आहे. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीसाठी धरले आहेत. पहिलीच्या मुलाला दोन वळणं एकदम दाखवू नयेत.

सीमेवरचा_मास्तर

नमस्कार मॅडम. मी अक्कलकोट तालुक्यात दुसरीला आहे, आमच्याकडं हाच प्रश्न कन्नडचा. मागच्या महिन्यात 'तळ्यात मळ्यात' घेतला. मी "तळ्यात" म्हणायच्या आधी नुसतं "हे तळं" म्हणून रेघ दाखवली, तर दोन पोरींनी डोक्याला हात लावला. कन्नडमध्ये डोक्याला तले म्हणतात, आमच्या पोरांच्या तोंडी तलि. आधी वाटलं खेळात काहीतरी नवीन काढलं. दूध म्हणजे हालु, घर म्हणजे मनि, मांजर म्हणजे बेक्क. फोटो काढताना "हालू नका" म्हटलं की मागून एकजण "हालु, हालु" करत हसतोच.

घरी पाठवायचं म्हणाल तर फोनचा नाद सोडा. मेमरी कार्ड घालायचा छोटा स्पीकर मिळतो, तो घ्या. मी दोन घेतले. शब्दांच्या फाइलींना ००१, ००२ अशी नावं दिली की त्याच क्रमानं वाजतात. छापील कार्डाच्या मागं तोच क्रमांक लिहायचा. स्पीकर आळीपाळीनं एकेका गल्लीत जातो, संध्याकाळी पाच-सहा पोरं एका ओट्यावर बसून कार्डं उलटतात. नेट लागत नाही, वडिलांची वाट बघावी लागत नाही, लाइट गेली तरी चालतं. एक स्पीकर पडून फुटला, त्याचं वाईट वाटलं, पण पोरांनी वापरला म्हणून फुटला.

पूर्वभागातली_बाई

मास्तर, ओट्याची कल्पना फार आवडली. आमच्या गल्लीत बायका दुपारी एकत्र बसून विड्या वळतात, तिथंच स्पीकर ठेवता येईल. हात कामात असले तरी कान मोकळे असतात. मुलांबरोबर आयांच्याही कानावर मराठी शब्द पडतील, त्यातल्या दोघींनी मला तसं बोलूनही दाखवलंय.

अक्षरजुळणी, तुम्ही सांगितल्याप्रमाणं 'लसूण' आणि 'शेंगा' ही दोन कार्डं चित्र करून शाळेच्या टीव्हीवर लावून पाहिली. ल तसाच राहिला, श तसाच राहिला! उरलेली ४६ या आठवड्यात करते.

पाटीपेन्सिल

मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, बत्तीस वर्षं पहिली-दुसरीच शिकवली. बाई, तुम्ही त्या मुलीच्या 'गिन्नेत'वर थांबलात हे वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी आम्ही थांबत नव्हतो.

दोन गोष्टी सांगते. अक्षर चित्रच करायचं असेल तर छापाचं कशाला? पांढऱ्या कागदावर जाड स्केचपेननं तुम्ही स्वतः लिहा आणि त्याचा फोटो लावा. मूल तुमच्या हाताचं वळण रोज फळ्यावर बघतं, तेच पडद्यावर दिसलं की परकं वाटत नाही.

दुसरं, तुमच्याशी थोडा मतभेद आहे. दर कार्डावर आधी तेलुगू आणि मग मराठी असं वर्षभर चाललं, तर मूल तेलुगू शब्दाचीच वाट बघत बसेल. दिवाळीनंतर आधी मराठी ऐकवा, मुलांना सांगू द्या, आणि तेलुगू अडलं तरच.

पूर्वभागातली_बाई

बाई, हाताच्या अक्षराचं लगेच करते. क्रम बदलायचंही पटलं, आधी मराठी आणि अडलं तर तेलुगू, असं दोन वेगळ्या बटणांवर ठेवता येईल. पण तेलुगू पूर्ण काढायला मन घेत नाही. पाल-पालुसारखे शब्द आहेत तिथं दोन्ही शेजारी ऐकू आले तरच फरक कळतो. त्या १७ शब्दांची कार्डं मी वर्षभर दोन्ही आवाजांत ठेवणार. एका बाजूला पालीचं चित्र, दुसऱ्या बाजूला दुधाचं वाडगं. ते कार्ड त्या मुलीनंच काढलंय, वाडग्यावर साय दाखवायला पांढरा खडू वापरलाय.

कानोसा

मी आवाजाच्या कामात आहे, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो. नुसत्या बोलण्यासाठी ३२ केबीपीएस (सेकंदाला ३२ किलोबिट), मोनो (एकाच वाहिनीचा आवाज), एमपी३ पुरेसं होतं. मिनिटाला साधारण २४० केबी लागतात. तुमचे ४८ शब्द दोन्ही भाषांत मिळून पाच मिनिटांचे धरले तरी सव्वा एमबीच्या आत बसतील. व्हिडिओ पाठवूच नका. ज्यांना फोनवर हवं त्यांना हीच फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

क्यूआरमध्ये आवाज मावत नाही. मोठ्यातल्या मोठ्या क्यूआरमध्ये २,९५३ बाइट जातात, म्हणजे एका सेकंदाचं बोलणंही नाही. त्यात फक्त पत्ता असतो आणि नेट लागणारच. परवानगी मागत होतं, कारण तुम्ही गूगल ड्राइव्हवर ठेवली असेल तर तिथं फाइल तुमच्यापुरतीच उघडी असणार. शेअरमध्ये जाऊन 'लिंक असलेल्या कुणालाही' असं करा. पण आईच्या आवाजाचं ठरेपर्यंत ते करू नका.

त्या ताईंना जाऊन स्पष्ट विचारा: फक्त वर्गात, की शाळेत, की बाहेरच्या शिक्षकांनाही? आणि नंतर मन बदललं तर आवाज काढायची तयारी ठेवा. यासाठी सुरुवातीपासून तेलुगू आणि मराठी आवाज वेगळ्या फाइलींत ठेवा. मग संच देताना तेलुगूची फाइल न देताही देता येतो, घेणारा शिक्षक आपल्या गल्लीतल्या आईचा आवाज घालेल.

गोष्टीवेल्हाळ

अजून एक. शब्दांनंतर गोष्टींकडे वळाल तेव्हा 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे गोष्टींचं संकेतस्थळ बघा. २०१५ पासून आहे, मोफत आहे, आणि एकच गोष्ट बऱ्याचदा मराठी, तेलुगू, कन्नड अशी सापडते. परवाना खुला आहे, त्यामुळं छापून वर्गात वाटता येतात, फक्त लेखक-चित्रकारांची नावं तशीच ठेवायची. नेटवरून कुठलंही चित्र उचलण्यापेक्षा हे बरं. तुम्ही मुलांचीच चित्रं घेताय ते तर उत्तमच.

पूर्वभागातली_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी त्या ताईंकडे जाऊन आले. सुपात तंबाखू, हातात कात्री, आणि शेजारी माझा फोन. त्यांचाच आवाज त्यांना ऐकवला. दोनदा ऐकला, मग म्हणाल्या, "शाळेत चालेल. बाहेर नको." म्हणून बाहेर जाणारा संच फक्त मराठी आवाजाचा असेल, तेलुगूची जागा मोकळी. सोबत १७ शब्दांची यादी देईन, म्हणजे कुणालाही आपल्याकडच्या आईकडून भरून घेता येईल.

निघताना त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, कोडि असं म्हणत नाहीत, नीट म्हण. आणि त्यांनी स्वतः म्हणून दाखवलं. माझ्या कानाला दोन्ही सारखंच वाटलं, पण सूनबाईंनी मान्य केलं. त्या कार्डावर आता आजींचा आवाज घ्यायचाय.

मास्तर, तुमच्या कन्नड शब्दांची यादी मिळेल का? आमच्या वर्गात तीन मुलं कन्नड घरची आहेत, त्यांच्यासाठी मी अजून काहीच केलेलं नाही.

सीमेवरचा_मास्तर

देतो की. वहीत चाळीसेक आहेत, तलि-तळ्यासारखे फसवे नऊ. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींचा आवाज चांगला आहे, त्यांना आधी विचारतो. हो म्हणाल्या तर रविवारी त्यांच्या घरी चादर घेऊन जातो आणि सोमवारी पाठवतो.